बाबांच्या कानातला नऊ

४ जानेवारी

छोट्या,

तुझं पार्सल काल आमच्या भरतकामाच्या कारखान्यात पोचलं. आधी मला एक सांग, तू बरा आहेस ना? डोक्याला मार-बिर तर नाही ना लागला? मी आपली हौसेने सुतळी सोडायला बसले. म्हटलं, भावाने इतक्या महिन्यांनी काहीतरी पाठवलंय, निदान एखादी शाल तरी असेल. उघडून बघते तर आकडे! छप्पन्न ओळी, दर ओळीत चाळीस आकडे. मधे स्वल्पविराम नाही, जागा नाही, श्वास घ्यायला फट नाही. आणि सोबत तुझी ती चार ओळींची चिठ्ठी: ‘ताई, ही सगळी मिळून एकच संख्या आहे. हे बाबा आहेत. फुलीच्या टाक्याने भरून दे.’

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मग चष्मेवाल्या बाईंच्या हातात दिली. त्या आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या कारागीर, त्यांनी जन्मात काय काय भरलंय. त्यांनी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली, आणि मला म्हणाल्या, ‘ताई, भाऊ एकटाच राहतो का हो?’ आता बोल!

अरे, आम्ही टेबलक्लॉथ आणि उशांचे अभ्रे भरणारी माणसं. गुलाब सांग, बदकं सांग, मोर सांग. आकड्याचे बाबा कसे भरायचे?

आईला मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. तुझं नाव निघालं की ती अजून उठून दुसऱ्या खोलीत जाते. बाबा गेले आणि तिसऱ्या दिवशी तू बॅग उचललीस, ते तिच्या मनातून जात नाही. परवा शेजारीण सहज म्हणाली, ‘मुलाची आठवण येत असेल.’ तर आई म्हणाली, ‘त्याने बापाकडे कधी मान वर करून बघितलंच नाही. आता माझ्याकडे बघून काय करणार?’ मला तोंडात मारल्यासारखं झालं. तेव्हा पत्र कारखान्याच्याच पत्त्यावर पाठव आणि घरी फोन करू नकोस. आमच्या घरात भिंतींना कान नाहीत, पण आईला चार आहेत.

नीट समजेल असं लिही. तुझ्या भाषेत नको, माझ्या भाषेत.

तुझी,
ताई

११ जानेवारी

ताई,

मी बरा आहे. चष्मेवाल्या बाईंना सांग, एकटाच राहतो, पण अजून भिंतीशी बोलायला लागलेलो नाही.

सोपं आहे. शून्य म्हणजे काळा दोरा, नऊ म्हणजे पांढराशुभ्र. मधले आठ आकडे म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणाऱ्या करड्या छटा. पहिल्या ओळीपासून वाचत जा आणि आकड्याप्रमाणे रंग भरत जा. बाबांचा तो त्यांच्या कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो आठवतो ना, जरासा वळून काढलेला, डावा कान दिसतो तो? तोच आहे.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्यासाठी पहिली आहे. या सगळ्या ओळी एकापुढे एक ठेवून सलग वाचल्या की दोन हजारांहून जास्त अंकांची एक संख्या होते. साऱ्या विश्वातले वाळूचे कण मोजायला यातल्या चार-पाच ओळीसुद्धा लागायच्या नाहीत, इतकी मोठी. आणि ताई, ती मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. बाबांच्या लेथच्या भाषेत सांगायचं तर एवढ्या मिलिमीटर लांबीचा दांडा घेतला, तर त्याचे पूर्ण मिलिमीटरांत सारख्या मापाचे तुकडे पडतच नाहीत. दोन नाहीत, सात नाहीत, अब्ज नाहीत. अख्खा ठेवा, नाहीतर एकेक मिलिमीटर वेगळा करा.

लहान आकड्यांत अशा संख्या दाटीवाटीने असतात. दोन, तीन, पाच, सात. पुढे पुढे विरळ होत जातात. एवढ्या मोठ्या आकड्यांत पाच हजारांत साधारण एखादी. त्यातली एक म्हणजे बाबांचा चेहरा.

ते मला नेहमी म्हणायचे ना, ‘तुझ्या आकड्यांनी एक खिळा तरी ठोकता येतो का?’ मला तेव्हा उत्तर सुचायचं नाही. आता सुचलंय, पण ऐकायला ते नाहीत. सत्तावीस मार्चला वर्ष होईल. त्या दिवशी आईच्या हातात हे दे. ती मला उत्तर देणार नाही, माहीत आहे. पण निदान बघेल.

एकच विनंती. एकही आकडा बदलू नकोस. एकही नाही.

छोट्या

२० फेब्रुवारी

छोट्या,

अरे, काय सांगू तुला!

इतके दिवस मी नाक कापडाला लावून भरत होते. एका आकड्याला चार फुल्यांचा चौकोन, नाहीतर चित्र रुमालाएवढं झालं असतं. जवळून बघावं तर नुसती करड्या चौकोनांची फरशी. मी मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते. आज दुपारी चष्मेवाल्या बाई चहा घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या. म्हणाल्या, ‘अगं बाई, हे तर बघतायत!’ मी उठून दारापाशी गेले आणि वळले. बाबा होते रे! डोळे, कपाळावरची ती आठी, ‘काय, झालं का काम?’ असं विचारायच्या आधी ओठ दाबायचे, ते सुद्धा. चहा गार झाला, तरी आम्ही दोघी दारातच उभ्या.

आणि ही मूळ संख्या! मी सगळ्यांना सांगून टाकलंय. काजं करणारी, दोरेवाला, खालचा इस्त्रीवाला, सगळ्यांना. ‘आमच्या बाबांना कशाने भाग जात नाही,’ म्हटलं. इस्त्रीवाला म्हणाला, ‘ते दिसायचंच त्यांच्याकडे बघून.’ एका माणसाचा चेहरा आकड्यांत लिहावा आणि तो पाच हजारांतला एक निघावा, ही काय साधी गोष्ट आहे? मला रात्री झोप येत नाही.

बरं, तुझी एक चूक मी दुरुस्त केली. डाव्या कानाच्या पाळीत सगळीकडे दोन आहेत आणि मधेच एक नऊ. काळपट पाळीत एक पांढराफेक चौकोन! आमच्या धंद्यात याला भटका टाका म्हणतात. भरणारीचं लक्ष उडालं की पडतो, आणि दिसला की उसवायचा, विचारायचं नाही. तुझा हात घसरला असणार. मी उसवून तिथे दोनाचा रंग भरला. आता पाळी कशी छान दिसते!

बघ, मोठी बहीण कशी कामाला येते ते.

ताई

२३ फेब्रुवारी

ताई, थांब!

हे कुरियरने पाठवतोय. तो नऊ चूक नाही. तो तसाच हवा. तिथे दोन टाकलास तर संख्या मोडते. अगदी सरळ, तीनने भाग जातो. खोटं वाटत असेल तर सगळ्या अंकांची बेरीज कर. बेरजेला तीनने भाग गेला की संख्येलाही जातो, शाळेत शिकवलेलं आठवत असेल.

मला तुला आधीच सांगायला हवं होतं. फोटोवरून जशी संख्या आली, तशी ती मूळ नव्हती. कुणाच्याही फोटोची सहसा नसतेच. असं करतात की एखादा अंक किंचित बदलायचा, एखादी छटा इकडची तिकडे, आणि संगणकाला विचारायचं, आता? नाही म्हणाला की दुसरा अंक. मी आधी एकेका छटेचाच फरक करून बघितला, म्हणजे डोळ्याला कळणारही नाही. सगळे संपले, एकही लागला नाही. मग म्हटलं, कुठलाही अंक, कुठलाही बदल. यंत्र जिथे पहिल्यांदा ‘हो’ म्हणालं, तिथे मी थांबलो. ती जागा नेमकी कानाच्या पाळीत निघाली.

कृपा करून परत नऊ भर.

छोट्या

२८ फेब्रुवारी

छोट्या,

बेरीज केली. मी, चष्मेवाल्या बाई आणि काजवाली, तिघींनी ओळी वाटून घेतल्या. नऊ हजार आठशे त्र्याहत्तर. तीनने भाग जातो. दोनाऐवजी नऊ धरला तर नऊ हजार आठशे ऐंशी, नाही जात. काजवालीने तोंडावर हात ठेवला. एवढ्या मोठ्या कापडातला एक चौकोन, आणि सगळं ढासळलं! खरं सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

पण तो उतरल्यावर राग आला. म्हणजे बाबा मूळ संख्या नव्हतेच! मी इथे गावभर सांगत सुटले, आणि तू तिकडे बसून त्यांच्या तोंडावर ठिपके टाकून बघत होतास, कुठला चालतो म्हणून. तुझी संख्या जमावी म्हणून तू बाबांच्या कानावर नसलेला डाग लावलास? उद्या नाक आड आलं असतं तर नाक कापलं असतंस?

रागावू नकोस, पण आई म्हणते ते मला आता पटलं. तू त्यांच्याकडे बघितलं नाहीस. तू त्यांच्यात आकडे बघितलेस.

नऊ परत भरलाय. तुझा हट्ट म्हणून. दारातून बघितलं की तोच डोळ्यात खुपतो.

ताई

४ मार्च

ताई,

तुझं पत्र खिशात ठेवून दोन दिवस फिरतोय.

तू म्हणतेस ते खरं आहे. उसव तो नऊ. दोन भर. संख्या मोडू दे. तीनने भाग जाऊ दे, हवं तर हजाराने जाऊ दे. आईच्या हातात बाबा जायला हवेत, माझी संख्या नाही. मला वाटलं होतं की मला जे सगळ्यात चांगलं येतं ते त्यांना द्यावं. देताना त्यांनाच जरा बाजूला सरकवलं, हे लक्षातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी का निघालो, ते कुणी विचारलं नाही. घरात सगळे बाबांबद्दल बोलत होते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखी एकही गोष्ट नव्हती. सगळ्यांकडे होती. दूधवाल्याकडेसुद्धा होती.

उसव, ताई.

छोट्या

८ मार्च

छोट्या,

उसवायचं आता शक्य नाही. काय झालंय ते ऐक, आणि आधी खाली बस.

आईने ते बघितलं. सत्तावीसच्या आधीच. माझा डबा घरी राहिला म्हणून ती काल दुपारी पहिल्यांदाच कारखान्यात आली. मी मागे दोरे मोजत होते. फ्रेम समोरच, उघडी. डबा खाली पडल्याचा आवाज आला म्हणून धावत आले तर आई जमिनीवर बसलेली. चेहरा चुन्यासारखा पांढरा, बोट चित्राकडे. म्हटलं, हिला काहीतरी झालं. चष्मेवाल्या बाई पाणी घेऊन धावल्या, आणि घाबरून बोलून गेल्या की हे तुमच्या मुलानेच पाठवलंय. आई पाणी घेईना. म्हणाली, ‘हे त्याला कोणी सांगितलं?’

मी म्हटलं, ‘काय?’

‘कानातलं.’

छोट्या, तो नऊ! बाबांच्या कानात खडा होता! आपल्या बाबांच्या! अंगावर धातू नको म्हणून मशीनवर जाताना मनगटावरचं घड्याळसुद्धा उतरवणारे, माझ्या बांगड्यांवर ‘वाजतात’ म्हणून चिडणारे ते बाबा!

आईने सगळं सांगितलं. दोघांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं ते आपल्याला माहीत होतं. पण कचेरीत सह्या करून बाहेर आले तेव्हा दोघांकडे मिळून काय होतं, तर आजीने चोरून दिलेली, पांढऱ्या खड्यांची कानातल्यांची एक जोडी. बाबा म्हणाले, ‘आता सगळं अर्धं अर्धं.’ आणि त्याच दुपारी रस्त्यावरच्या माणसाकडून डावा कान टोचून घेतला. एक खडा तिच्या कानात, एक त्यांच्या. कारखान्यात नोकरी लागेपर्यंत घालत होते. मुकादम म्हणाला, ‘एक तर कान ठेव, नाहीतर नोकरी ठेव.’ खडा उतरला, भोक बुजलं. बाबांनी आईकडून वचन घेतलं, मुलांना सांगायचं नाही, हसतील. आणि स्वतःही कबूल केलं, कुणाला सांगणार नाही. एक फोटो नाही त्याचा. एकही नाही.

आई डोळे पुसत म्हणाली, ‘मी उगाच म्हणत होते. त्याच्याशी बोलले असणार ते. मला न सांगता त्याला सांगितलं. जवळचा असल्याशिवाय कुणी सांगेल का?’ आणि मग हसली रे! वर्षभरात पहिल्यांदा. आज सकाळी मला म्हणते, ‘त्याची खोली झाडून ठेव.’

आता मला खरं सांग. बाबांनी तुला कधी सांगितलं? आणि मला का नाही? मी मोठी ना?

ताई

१३ मार्च

ताई,

मला कुणीही काही सांगितलेलं नाही.

तुझं पत्र मी आमच्या गणिताच्या संस्थेच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच पायरीवर बसलो. माझ्या बाई, ज्यांच्या हाताखाली मी हे सगळं शिकलो, वरून येत होत्या. त्यांनी विचारलं, ‘घरी काही वाईट झालं का?’ मी म्हटलं, ‘वाईट नाही, विचित्र.’

तो नऊ यंत्राने टाकलाय. आंधळेपणाने. बाबा, कान, खडा, त्याला काय माहीत? आणि मलाही काय माहीत होतं? तुला पटावं म्हणून मी ठरवलं की उरलेले सगळे बदल तपासून टाकावेत. मी पहिल्या ‘हो’वर थांबलो होतो ना, म्हणून. हिशेबाने असे एक-एक अंक बदलून मूळ संख्या देणारे दहा-अकरा तरी बदल असायला हवेत. एखादा केसांत, एखादा सदऱ्याच्या कॉलरवर, एखादा नुसत्या मागच्या भिंतीवर. ती यादी तुला पाठवणार होतो आणि लिहिणार होतो: बघ, ताई, कुठेही पडला असता, योगायोगाने कानावर पडला.

वीस हजारांवर बदल होते. यंत्रं रात्रभर चालली. यादीत एकच ओळ आली.

तेवढीच जागा. तेवढाच नऊ. तिथेसुद्धा आठ चालत नाही. बाकी कुठेही, काहीही बदललं तरी संख्या मोडते.

मी परत चालवलं, दुसऱ्या पद्धतीने. तेच. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘दहा अपेक्षित असताना एक येणं, हे हजारांत एखाद्या वेळी होऊ शकतं. अशक्य नाही.’ मग कागद परत देत म्हणाल्या, ‘घरी कधी जातोयस?’

ताई, मला याचा अर्थ माहीत नाही. अर्थ नसेलच. पण मला हे नक्की माहीत आहे, की बाबा माझ्याशी बोलले नाहीत. आई ज्या गोष्टीसाठी माझी खोली झाडून घेतेय, ती घडलेलीच नाही. मी तिला लिहिणार आहे.

छोट्या

१६ मार्च

छोट्या,

खबरदार! एक अक्षर लिहिलंस तर याद राख.

तुला कळतंय का इथे काय झालंय? आई काल गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना गुणगुणत होती. शेजारणीला बोलावून तुझा लहानपणचा शर्ट दाखवला. बाबांनी तुला कायकाय सांगितलं असेल याच्या गोष्टी ती स्वतःच रचते आणि मला ऐकवते. आणि तू तिला सांगणार, की नाही आई, यंत्राने टाकलं? तिच्यासाठी बाबांना दुसऱ्यांदा मारशील तू. आणि स्वतःलाही. मग ती जन्मात तुझं तोंड बघणार नाही, आणि मधल्यामधे मी मरेन.

खरं बोलून कुणाचं भलं होणार आहे, सांग ना? बाबांचं? ते गेले. आईचं? ती आत्ताच बरी आहे. तुझं? तुला आई परत मिळतेय, आयती, दारात उभी. फक्त गप्प बसायचंय. तेही जमत नाही तुला?

ती विचारेल, ‘कधी सांगितलं रे?’ तू म्हण, ‘असंच एकदा.’ झालं. दोन शब्द.

तुझ्या पाया पडते.

ताई

१८ मार्च

आई,

ताईला हे पत्र आवडणार नाही, म्हणून सरळ घरच्या पत्त्यावर लिहितोय.

बाबांनी मला कानातल्याबद्दल कधीच सांगितलं नाही. ताईचं पत्र येईपर्यंत मला काही माहीत नव्हतं. मी फोटोचे आकडे केले, ते मूळ संख्या होत नव्हते, म्हणून यंत्राला एकेक अंक बदलायला लावला. एका जागी जमलं. ती जागा कानाची निघाली. मी ती निवडलीसुद्धा नाही. नंतर सगळ्या जागा तपासल्या, तर ती एकच होती. यातून मी अजून सावरलेलो नाही, पण त्यात माझं काही नाही.

तू ताईला म्हणालीस, जवळचा असल्याशिवाय कुणी सांगणार नाही. बरोबर आहे. मी तेवढा जवळचा नव्हतो. मला व्हायचं होतं. कसं व्हायचं ते कळलं नाही, आणि मग ते गेले.

तू माझ्याशी बोलावंस असं मला फार वाटतं. पण या कारणासाठी बोलू नकोस, कारण हे कारण खरं नाही.

तुझा,
छोट्या

२१ मार्च

बाळा,

माझ्या हाताला लिहायची सवय नाही, आणि चष्माही जुना आहे. सांभाळून घे.

ते तुला बोलले नव्हते, हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. जमिनीवरून उठायच्या आत कळलं होतं. तुझ्या बाबांनी मला शब्द दिला होता. त्या माणसाचा शब्द सुतभर हलत नसे. तुलाच काय, मरतानाही कुणाला बोलले नसते. तुझ्या ताईला वाटलं मला पटलं, तर म्हटलं वाटू दे.

मग मी का गप्प बसले? तू काय लिहितोस ते मला बघायचं होतं.

एकदा कारखान्यात साहेबाने सांगितलं होतं, माप जरा कमी भरलं तरी बरोबर आहे असं लिही, कुणी बघत नाही. हे म्हणाले, कमी आहे ते कमीच लिहिणार. घरी बसावं लागलं, पण लिहिलं नाही. मी तेव्हा फार भांडले होते त्यांच्याशी. तुझी ताई तशीच भांडते आहे ना तुझ्याशी? ती माझ्यावर गेली.

रोज दारात उभी राहून टपालाची वाट बघत होते. तुझं पत्र आलं तेव्हा उघडायची भीती वाटत होती. ‘असंच एकदा सांगितलं’ असं असतं ना, तर मी ते फाडून टाकलं असतं आणि खोलीला कुलूप लावलं असतं. वाचलं आणि मटकन बसले. या वेळी तुझ्या ताईने पाणी आणलं. अगदी त्यांचंच बोलणं रे. नाही ते नाही, हो ते हो. मी म्हणत होते, याने बापाकडे बघितलंच नाही. मग हे कुठून उचललंस?

तू म्हणतोस त्या ठिपक्याशिवाय ते सगळं मोडत होतं, आणि दुसरीकडे कुठे चालत नव्हतं. मला तुझी संख्या कळत नाही. पण मला हे ऐकून काही नवल वाटलं नाही.

दोन्ही खडे डबीत होते. त्यांचा खडा मी काल त्या पांढऱ्या चौकोनावर माझ्या हाताने शिवला. तुझी ताई ओरडली, आकडा मोडेल म्हणून. मोडला असेल तर इथे येऊन तोंडावर सांग.

दुसरा माझ्या कानात आहे. भोक बुजलं होतं, परत टोचून घेतलं. दुखतंय.

सत्तावीसच्या आत ये.

आई